तिसरा बाक

शाळेत त्यांना सगळे खोकेबाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. बुटांचं, औषधांचं, टेबलफॅनचं, कसलंही रिकामं खोकं दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. दुकानदार त्यांना लांबून येताना बघून खोकी काढून ठेवत. घरी कपाटावर खोकी, पलंगाखाली खोकी. त्यांची मोठी नणंद शिवणकाम करायची आणि त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "या घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही, पण खोक्यांचं मात्र बरं चाललंय."

पाचवीच्या वर्गात या खोक्यांचं सोनं व्हायचं. एका खोक्यात काहीतरी घालून ते चिकटपट्टीने घट्ट बंद करायचं. मुलांनी ते हलवायचं, हुंगायचं, तराजूत घालायचं आणि वहीत दोन रकाने पाडायचे: मला नक्की काय कळलं, आणि मला नुसतं काय वाटतं. खोकं कधीच उघडायचं नाही. पहिल्या दिवशी मुलं अगदी रडकुंडीला येत. महिनाभरात ती इतकी तयार होत की घरी जाऊन आईबापांना विचारत, "हे तुम्हाला नक्की माहीत आहे की नुसतं वाटतंय?" त्यावरून दोनचार पालक तणतणत शाळेत आलेही होते.

शनिवारी चुकांचं दुकान लागे. आठवडाभरात आपण केलेली चूक चिठ्ठीवर लिहून मांडायची, आणि ती चूक कशी झाली असेल हे जो नीट समजावून सांगेल त्याने ती घेऊन जायची. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीकडे मांडायला काहीच नसे. ती बिचारी कोपऱ्यात तोंड पाडून बसायची.

बाईंची आणखी एक खोड होती. उत्तर चुकलं तरी ‘चूक’ असं त्या कधी म्हणत नसत. पुढचा प्रश्न विचारत. मग त्याच्या पुढचा. पोरगं आपल्याच उत्तराला अडखळून थांबेपर्यंत विचारत राहत, आणि आवाज कसा, तर कुणाची तरी विचारपूस केल्यासारखा. त्यांच्या हाताखालून गेलेली मोठी माणसंही सांगत, की बाई गोड बोलून प्रश्न विचारायला लागल्या की त्यापेक्षा ओरडा परवडला असं वाटायचं.

हे सगळं त्या एका वहीत लिहीत. कुठली कृती, किती मुलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय करायचं. सतरा वर्षांची एक जाडजूड, पानं सुटत आलेली वही.

मग शाळेत इस्त्री सर आले. वयाने बाईंच्या निम्मे, कपड्यांना सुरकुती नाही, बोलण्याला तर त्याहून नाही. त्यांना वरच्या मजल्यावरचा वर्ग मिळाला होता. मोकळा तास मिळाला की ते खाली येऊन बाईंच्या वर्गात मागे बसत आणि बघत. बाई खूश. इतक्या वर्षांत कुणी मागे बसून बघितलंच नव्हतं. एक दिवस सरांनी वही मागितली, दोन दिवसांसाठी. बाईंनी वही तर दिलीच, वर अक्षर लागत नसेल तिथे काय लिहिलंय हेही अर्धा तास बसून समजावून सांगितलं.

आठ दिवसांनी सर डोळ्यांत पाणी आणून आले. वही बसमध्ये राहिली म्हणाले. डेपोत दोन खेपा घातल्या म्हणाले. आणि त्यांनी बाईंच्या हातात एक कोरी, कडक पुठ्ठ्याची, महागातली वही ठेवली. बाईंनी काय करावं? त्यांनी सरांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून समजूत घातली आणि नव्या वहीबद्दल आभार मानले. वर्षभरात सर बदली घेऊन प्रशिक्षण केंद्रात गेले.

सहा वर्षांनी शाळेत पुस्तकांचं पार्सल आलं. ‘आनंदी वर्ग: शिक्षकांसाठी शंभर कृती’. मागच्या पानावर लेखकाचा फोटो, फोटोतही इस्त्री कडक. प्रस्तावनेत म्हटलं होतं की हे वीस वर्षांच्या चिंतनाचं फळ आहे. नोकरी झाली होती सात वर्षं! तेव्हा इथून पुढे त्याला अहो-जाहो करण्याची या गोष्टीची तयारी नाही.

बाईंनी सामानाच्या खोलीत उभ्याउभ्याच पुस्तक वाचलं. शंभरांपैकी त्र्याऐंशी कृती त्यांच्या होत्या. बंद खोकं होतं, चुकांचं दुकान होतं, काठीच्या सावलीचं मोजमाप होतं. उरलेल्या सतरा त्याच्या स्वतःच्या असाव्यात, कारण त्या करायला कुठलंही पोर बाकावरून उठलं नसतं. वाचता वाचता बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. वही हरवली याचं नव्हे, त्याला पाणी दिलं याचं त्यांना जास्त लागलं.

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, कल्पना काय कुणाच्या मालकीच्या असतात? चारशे शाळांत पोचल्या, आनंद माना." बाईंनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. फार काही मागितलं नव्हतं: पुस्तक राहू दे, फक्त माझं नाव घाला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की लेखकाने अनेक अनामिक शिक्षकांपासून प्रेरणा घेतल्याचं कळवलं आहे, सबब विषय बंद करण्यात येत आहे. पुरावा म्हणावा तर वही नव्हती. आणि बाईंची नोकरी तीन वर्षं उरली होती. त्याच्या आत हे काम आपलं होतं हे लोकांना कळलं नाही, तर ते कधीच कळणार नव्हतं.

मग त्यांनी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, आणि या खेपेला एका वाक्यापाशी थांबल्या. ‘कृतीच्या वेळी तिसरा बाक रिकामा ठेवावा.’ पुढे पुन्हा तेच. शंभरात एकवीस वेळा.

बाईंच्या वर्गातल्या तिसऱ्या बाकाचा मागचा डावा पाय मोडका होता. शिपायाने तो तारेने बांधून उभा केला होता, समोरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. एकदा कृतीच्या धावपळीत त्यावर बसलेली मुलगी पडून तिचा ओठ फुटला, तेव्हापासून बाईंनी वहीत जागोजागी हेच वाक्य लिहून स्वतःलाच बजावून ठेवलं होतं. वर्गातल्या मुलांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना कुणी सांगावं लागत नसे. मागे बसून बघणाऱ्याने विचारलं नव्हतं, म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थोड्याच दिवसांत सगळ्या शिक्षकांना पुस्तकाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवणारा तोच. बाईंना पहिल्या रांगेत बघून त्याने एकच वाक्य दोनदा वाचलं. चहाच्या सुट्टीनंतर कुणीतरी विचारलंच, की हा तिसरा बाक रिकामा कशासाठी? त्याने पुस्तकाची दोनचार पानं चाळली. मग म्हणाला, "मुलाच्या मनात एक रिकामी जागा असते. शंकेची जागा. ती वर्गात डोळ्यांना दिसली पाहिजे. पुढचे दोन बाक म्हणजे ज्ञात, मागचे म्हणजे अज्ञात, आणि तिसरा म्हणजे त्यांच्यातलं अंतर." शिक्षकांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. बाईंना खोकल्याची उबळ आल्याचं दाखवून बाहेर जावं लागलं.

घरी नणंदेने मशीन थांबवून सगळं ऐकलं. "अगं, मग तिथेच उठून सांगायचं ना! चांगला तोंडावर आपटला असता."

"वन्सं, तिथे पन्नास माणसं होती," बाई म्हणाल्या. "पन्नासांत काय आपटायचं?"

"मग?"

"आधी वाढू दे. चांगला ताडामाडाएवढा वाढू दे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी हात वर केला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, काल तुम्ही तिसऱ्या बाकाचं जे सांगितलंत, ते फार खोल आहे. थोडं आणखी सांगाल का?" त्याचा चेहरा असा खुलला, की बाई सगळं विसरल्या, वळणावर आल्या असंच त्याला वाटलं असावं. त्याने आणखी सांगितलं. पाऊण तास सांगितलं.

मग वर्षभर बाईंनी त्याला पत्रं लिहिली, एका शंकेखोर, कामसू शिक्षिकेने लिहावीत तशी. जिथे मुलं जमिनीवर बसतात तिथे काय करायचं? तिसरी ओळ मोकळी सोडावी, त्याने सहीनिशी कळवलं. तिसरा बाक पुढून मोजायचा की मागून? पुढून, कारण शंका समोरून येते. त्या बाकावर वस्तू ठेवलेली चालेल का? मुळीच नाही. एकेका उत्तराबरोबर सिद्धांत फुगत गेला. आधी त्याचा लेख आला, मग पुरवणी पुस्तिका, मग रंगीत तक्ता. तपासनीस शाळांत येऊन आधी तिसरा बाक बघू लागले. बाई एकेक पत्र खोक्यात ठेवत, आणि खोकं बंद करताना त्यांना जे सुख होई ते त्यांनी कुणापासून लपवलं नाही. नणंद तर पोस्टमनची वाट बघत दारातच मशीन घेऊन बसायची. "काय म्हणतोय आज तुझा विद्यार्थी?" असं विचारायची.

वर्गात मात्र बाईंचं मन उडालं होतं, हेही सांगायला हवं. चुकांचं दुकान लागे, पण बाई टेबलाशी बसून पुढच्या पत्राचा मजकूर जुळवत असत.

वर्षाअखेरीस मोठं शिक्षक संमेलन भरलं. आठशे शिक्षक, टोलेजंग सभागृह, व्यासपीठावर संचालकबाई. नव्या अभ्यासक्रम समितीचा प्रमुख म्हणून त्याचं नाव त्या दिवशी जाहीर व्हायचं होतं. व्यासपीठासमोर नमुन्याचा वर्ग मांडला होता, पाच बाकांचा, आणि तिसऱ्या बाकाला चक्क निळी फीत बांधली होती. शाळेचं प्रदर्शनाचं सामान उचलायला बाईंनी शिपायाला सोबत आणलं होतं. सगळे त्याला काका म्हणत. त्याच्या हातातल्या खोक्यात, मुख्याध्यापकांना न विचारता आणलेलं शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर होतं. टेबलं, कपाटं, बाक, काय कधी आलं आणि काय कधी मोडलं, याची नोंद त्यात असते.

त्याचं भाषण झालं. प्रश्नोत्तरांना बाई माईकपाशी गेल्या.

"सर, हा तिसरा बाक तुम्हाला सुचला कधी?"

"सुचला नाही बाई, सापडला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी."

"कुठल्या वर्गात?"

"पाचवीच्या."

"तुम्हाला तर वरचा सातवीचा वर्ग होता ना?"

तो हसला. "मी पाचवीतही जात असे. निरीक्षणासाठी."

"मग तिथला तिसरा बाक तुम्ही रिकामा केलात, की आधीच रिकामा होता?"

त्याने पाण्याचा ग्लास उचलला. बाईंनी विचारपूस केल्यासारखा पुढचा प्रश्न विचारला. "आधीच रिकामा असेल, तर तो कुणी केला होता? आणि का, हे त्यांना तुम्ही विचारलं होतं का?"

आता त्याला कळलं. बाईंच्या मागे उभे असलेले काका आणि काकांच्या हातातलं खोकं त्याने बघितलं, आणि तो पायऱ्या उतरून लगबगीने खाली आला. त्याने माईकवर हात ठेवला. जवळून बघितलं तर त्याच्या कपाळावर घाम होता.

"बाई, पाया पडतो, इथेच थांबा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हे पुस्तक बुडालं तर तुमच्याच कृती बुडतील. चारशे शाळांतून जातील. मी आत्ता, सगळ्यांसमोर सांगतो की पुस्तक तुमचं आहे. पहिलं नाव तुमचं. फक्त हा बाकाचा विषय इथे सोडा."

तो खरं बोलत होता. बाईंना ते लगेच कळलं. ऑफिसला पत्र लिहून जे मागितलं होतं ते सगळं, आणि त्याच्याहून जास्त, हा माणूस हातावर ठेवत होता. बाईंना नाव नको होतं असं नाही. पण त्याच्या तोंडावर जी भीती होती ती त्यांना आणखी थोडी हवी होती. वर्षभर त्या तिच्यासाठीच जगल्या होत्या. वही हरवली म्हणून हाच माणूस त्यांच्यापुढे डोळे पुसत उभा होता, आणि आताही त्याचे डोळे भरले होते.

त्यांनी त्याचा हात माईकवरून काढला. "काका, रजिस्टर द्या."

आणि त्यांनी वाचलं, सावकाश, फळ्यावरचं वाचावं तसं. "इयत्ता पाचवी. तिसरा बाक. मागील डावा पाय मोडका. बसण्यास धोकादायक. सुतारास कळवले." मग तारीख वाचली. ती त्याच्या नेमणुकीच्या दोन वर्षं आधीची होती.

"तार मीच बांधली," काका मागून म्हणाले. "सुतार अजून यायचाय."

आधी कुठेतरी एकच माणूस हसला. मग हसणं रांगारांगांतून पसरत गेलं, आणि पसरता पसरता त्याचा राग झाला. मागून एक शिक्षिका उभी राहून ओरडली, "माझ्या वर्गात चारच बाक आहेत! बेचाळीस पोरं वर्षभर तीन बाकांवर कोंबली मी!" बाईंनी मग खोक्यातून त्याची सहीनिशी आलेली पत्रं काढून वाचायला घेतली. ‘शंका समोरून येते’ हे वाचल्यावर पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. त्याचे ओठ हलत होते. तो जवळ दिसला त्या बाकावर टेकला, आणि तो निळ्या फितीचा निघाला.

व्यासपीठावर संचालकबाई हसत नव्हत्या. त्यांनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं आणि सेक्रेटरीच्या कानात काहीतरी सांगितलं. बाईंनी ते बघितलं. त्याचा अर्थ त्यांना कळला, आणि तरी त्यांनी पुढचं पत्र उघडलं.

घरी नणंदेने त्यांच्याकडून दोनदा सगळं वदवून घेतलं. "फितीच्याच बाकावर बसला?" असं विचारून ती डोळे पुसत हसली. बाईही हसल्या. कित्येक वर्षांत इतकी गाढ झोप त्यांना लागली नव्हती.

महिन्याभरात आदेश आला. इस्त्री सराला समिती नाही, प्रशिक्षण केंद्र नाही. त्याला कुठल्याशा आडबाजूच्या शाळेत पाठवलं. आणि त्याच कागदावर खाली: सदर पुस्तकातील सर्व कृती अशास्त्रीय असल्याने तात्काळ बंद कराव्यात. पुस्तकं व साहित्य जमा करावं. पुढील सूचना येईपर्यंत केवळ पाठ्यपुस्तकानुसार अध्यापन व्हावं. बाईंनी ऑफिसात जाऊन सांगून बघितलं, की बाकाचं सोडलं तर बाकीचं सगळं चांगलं आहे, ते माझं आहे. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आठशे लोकांसमोर आमची शोभा केलीत. आता तुमचं आहे म्हणता, तर मग दोष तुमचाच का?" पुढच्याच आठवड्यात तपासनिसाने पाचवीच्या वर्गातली खोकी मोजून पोत्यात भरली.

पुस्तकं जमा करायला बाई स्वतः गेल्या. खिडकीपुढे शिक्षकांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा. बाईंच्या मागे चार बाकांची ती शिक्षिका उभी होती. वयाने तरुण, नोकरी अजून कच्ची. तिने बाईंना ओळखलं आणि तोंड भरून हसली.

"बाई, बरं केलंत तुम्ही. त्याची चांगली जिरवलीत." मग तिने हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं. "पण यातलं बंद खोकं आणि ते दुकान, ते खरंच फार छान होतं हो. माझ्या वर्गात एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती. ती दुकानात आपली चूक मांडून मोठ्याने ओरडायची, या या म्हणून. ते तरी वाचवता आलं नसतं का?"

"आलं असतं," बाई म्हणाल्या. "तो द्यायला तयार होता. माईकवर हात ठेवून तेच सांगत होता. पुस्तक राहील, नाव माझं घालतो म्हणाला."

शिक्षिका एक पाऊल जवळ आली. "मग?"

"मला त्याचं तोंड बघायचं होतं."

"आणि बघितलंत?"

"बघितलं. अजून आठवलं की बरं वाटतं."

रांग एक पाऊल पुढे सरकली. शिक्षिकेने गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला. ती रागावली नव्हती, तिने खरोखरच माहिती हवी म्हणून विचारलं.

"मग बाई, सोमवारी वर्गात गेल्यावर मी त्या मुलीला काय सांगू?"

खिडकीतल्या कारकुनाने बाईंच्या शाळेचं नाव पुकारलं, आणि बाईंनी आपला गठ्ठा उचलून त्याच्यापुढे ठेवला.